वाचता येत नाही, म्हणजे रिकामे नाही

सदर : घरातला संगणक

आपाचा फोन दुपारी सव्वातीनला आला. एवढ्या दुपारी ती कधी फोन करत नाही. पलीकडून आधी भाचीचे रडणे ऐकू आले, मग आपाचा आवाज. "अब्बांची डिस्क पुसली गेली रे. सगळं गेलं."

मी एवढेच म्हणालो, "आपा, डिस्क काढून कपाटात ठेव. आता ती कुठेही लावू नकोस. मी संध्याकाळी येतो."

अब्बा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यामुळे आम्हा भावंडांचे बालपण अँटॉप हिलच्या सी. जी. एस. कॉलनीत गेले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले तरी त्यांनी अँटॉप हिल सोडले नाही. जवळच दोन खोल्यांचे घर घेतले. शेवटच्या वर्षात माझा भाचा दर रविवारी त्यांच्याजवळ बसायचा आणि मोबाईलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करायचा. चिपळूणजवळचे आमचे वाशिष्ठीकाठचे गाव, आजोबा बोटीने मुंबईला कसे आले, गावची कुठली जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, कोण कोणाचे चुलत आणि कोण कोणाचे मावस. अशी नऊ रेकॉर्डिंग झाली. सोबत जुने फोटो आणि गावच्या दस्तांचे स्कॅन. हे सगळे त्याने एक टीबीच्या एका बाहेरच्या डिस्कवर ठेवले. पुढे अब्बा गेले आणि भाचा नोकरीसाठी कतारला गेला. डिस्क आपाच्या कपाटात राहिली.

आता गावच्या जमिनीवर वारस नोंद करायची होती. त्यासाठी एका जुन्या दस्ताची प्रत लागणार होती. आपाने डिस्क देऊन भाचीला प्रिंट काढायला एका दुकानात पाठवले. दुकानातल्या मुलाने डिस्क लावली. पडद्यावर सूचना आली, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? त्याने 'हो' दाबले. मग दुसरी सूचना आली की सगळी माहिती पुसली जाईल. सवयीने त्याने तिथेही 'हो' दाबले. काही सेकंदांत काम झाले. डिस्क उघडली तर आत काहीच नाही.

त्या मुलाला मी फार दोष देणार नाही. बिघडलेले पेनड्राइव्ह रोज त्याच्यासमोर येतात आणि तो रोज हेच करतो. दोष आमचाही होता. भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि डिस्क त्याने लिनक्सच्या पद्धतीने तयार केली होती, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. डिस्कवर तशी चिठ्ठीही नव्हती.

मोडीतला दस्त आणि संगणकाची सूचना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत जुने कागद असतात. काही मोडीत, काही उर्दूत. नव्या पिढीतल्या पोराच्या हाती ते लागले तर तो म्हणतो, यात नुसत्या रेघोट्या आहेत, रद्दीत टाकू का? त्याला मोडी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कागद कोरा आहे असा होत नाही.

'फॉरमॅट करायची का' ही सूचना नेमकी तशीच आहे. संगणकाला एवढेच म्हणायचे असते की मला ही लिपी वाचता येत नाही. पण तो तसे म्हणत नाही. तो थेट कोरा कागद करून देऊ का असे विचारतो, आणि आपण घाईत मान डोलावतो. मॅकवरही असेच घडते. डिस्क वाचता येत नाही असे सांगून तो 'इनिशियलाइज', 'इग्नोर' आणि 'इजेक्ट' अशी तीन बटणे दाखवतो. यातले पहिले बटण पुसण्याच्या वाटेवर नेणारे आहे. आपले बटण 'इजेक्ट'. विंडोजच्या सूचनेत आपले बटण 'कॅन्सल'. घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, एवढे पाठ करावे.

डिस्कच्या आत काय असते

डिस्क म्हणजे एक इमारत समजा. इमारतीच्या दाराशी एक फलक असतो. आत किती खोल्या, कुठली खोली कुठून कुठपर्यंत आणि कुठल्या प्रकारची, हे त्यावर लिहिलेले असते. या खोल्यांना पार्टिशन म्हणतात आणि त्या फलकाला पार्टिशन टेबल. डिस्कची सगळ्यात छोटी जागा म्हणजे सेक्टर. आमच्या कॉलनीचेही सेक्टर होते, म्हणून हा शब्द मला पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीचा वाटला होता.

जुन्या पद्धतीचा फलक, म्हणजे एमबीआर, डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो. तो १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी डॉस २.० बरोबर आला. अवघ्या ५१२ बाइटची ही जागा. त्यात चारच मुख्य खोल्यांची नोंद बसते आणि साधारण दोन टीबीच्या पुढचे त्याला मोजता येत नाही. नवी पद्धत जीपीटी. तिच्यात सहसा १२८ खोल्यांची जागा असते आणि फलकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. म्हणून दोन टीबीपेक्षा मोठी डिस्क घेतली तर ती जीपीटीच असू द्यावी. मात्र विंडोज एक्सपीचा नेहमीचा ३२ बिटचा संगणक अजून कुठे चालू असेल, तर त्याला जीपीटी समजत नाही.

एमबीआरच्या फलकावर प्रत्येक खोलीपुढे तिच्या प्रकाराचा एक छोटा आकडा असतो. ०७ असेल तर खोली विंडोजच्या पद्धतीची, ८३ असेल तर लिनक्सची. आमचा घात इथेच झाला. भाच्याने खोलीच्या आतली मांडणी बदलून लिनक्सची केली, पण दारावरचा ०७ तसाच ठेवला. विंडोजने पाटी पाहिली, आपलीच खोली म्हणून दार उघडले आणि आत अनोळखी लिपी दिसताच डिस्क बिघडली असे ठरवले. पाटीवर ८३ असते तर विंडोजने कदाचित त्या दाराला हातच लावला नसता.

कोणाला कोणती लिपी येते

खोलीतल्या नोंदी ज्या पद्धतीने ठेवतात तिला फाइल सिस्टिम म्हणतात. घरात इतके माहीत असले तरी पुरते.

एनटीएफएस ही विंडोजची पद्धत, १९९३ पासूनची. लिनक्स ती वाचतो आणि लिहितोही. मॅक फक्त वाचतो. म्हणून मॅकवर 'फाइल दिसते, पण डिस्कवर काही टाकता येत नाही' अशी तक्रार आली तर डिस्क बिघडलेली नसते.

एचएफएस प्लस आणि २०१७ पासूनची एपीएफएस या मॅकच्या पद्धती. विंडोजला आपणहून दोन्ही वाचता येत नाहीत. लग्नाच्या व्हिडिओचे काम बरेच स्टुडिओ मॅकवर करतात. तिथून निकाहचे चित्रीकरण डिस्कवर आणायचे असेल तर आधी सांगा, "आमच्याकडे विंडोज आहे."

ईएक्सटी४ ही लिनक्सची. विंडोज आणि मॅक दोघांनाही ती आपणहून वाचता येत नाही.

फॅट३२ जुनी आहे, पण जवळजवळ सगळ्यांना येते. जुने टीव्ही आणि गाडीतले प्लेअर बहुधा हीच ओळखतात. अडचण एकच, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्नाची तीन तासांची फिल्म इथेच अडकते.

एक्सफॅट २००६ ची. विंडोज, मॅक आणि अलीकडचे लिनक्स, तिघांनाही ती लिहिता-वाचता येते आणि ४ जीबीची अटही नाही. म्हणून एका घरातून दुसऱ्या घरात, एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायची डिस्क एक्सफॅट असावी. पण तिची एक कमजोरी लक्षात ठेवा. मध्येच वायर निघाली किंवा वीज गेली तर स्वतःला सावरण्याची सोय तिच्यात एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ इतकी नाही. ती सामान ने-आण करायची पिशवी आहे. घरातली एकमेव तिजोरी म्हणून तिच्यावर विसंबू नये.

आणि पद्धत बदलायची तर बहुधा डिस्क फॉरमॅटच करावी लागते. म्हणून ते काम डिस्क नवी आणि रिकामी असतानाच करावे. भरलेल्या डिस्कची पद्धत बदलायची असेल, तर आधी सगळे दुसरीकडे उतरवून, उघडून पाहून, मगच.

टोकन आणि नावाची पाटी

डिस्क लावली की विंडोज तिला ई, एफ, जी असे एखादे अक्षर देतो. ते अक्षर म्हणजे दवाखान्यातले टोकन. आज तुमचा नंबर सात, उद्या अकरा. "फोटो ई ड्राइव्हमध्ये आहेत" असे आपण सांगतो, पण शेजारच्या संगणकावर ई ड्राइव्ह भलताच असतो. लिनक्स आणि मॅकमध्ये तर ही अक्षरे नसतातच.

डिस्कबरोबर प्रवास करते ते तिचे लेबल, म्हणजे आपण दिलेले नाव. विंडोजवर अक्षरापुढे तेच दिसते, मॅकवर तेच आणि लिनक्सवरही तेच. नवी डिस्क येते तेव्हा लेबलच्या जागी कंपनीचे नाव किंवा 'न्यू व्हॉल्यूम' असते. घरात अशा तीन डिस्क झाल्या की कुठली काय ते कोणालाच कळत नाही, आणि चुकीची डिस्क पुसली जाण्याची सुरुवात तिथून होते.

लेबल बदलणे सोपे आहे आणि त्याने आतले काही पुसले जात नाही. विंडोजवर डिस्कच्या चित्रावर उजवी क्लिक करून 'रिनेम', मॅकवर नावावर क्लिक करून थेट बदल, लिनक्सवर 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममधून. फक्त शेजारीच असलेल्या 'फॉरमॅट'वर बोट पडू देऊ नका.

नाव किती लांब असावे, यालाही मर्यादा आहे. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये ११ अक्षरे, एनटीएफएसमध्ये ३२, ईएक्सटी४मध्ये १६ बाइट. आपल्या मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'कुटुंब फोटो' हे नाव एक्सफॅटमध्ये बरोबर ११ जागांत बसते. ईएक्सटी४मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तिथे 'अब्बा' बसते, १५ बाइट. 'अब्बाजान' बसत नाही. फॅट३२मध्ये देवनागरी नीट चालत नाही, तिथे रोमन अक्षरेच बरी.

फाइलींच्या नावांची गोष्टही अशीच. विंडोजला फाइलच्या नावात तिरपी रेघ, विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह आणि तारा चालत नाही. मॅक मात्र '७/१२' असे नाव खुशाल घेतो आणि तीच फाइल विंडोजकडे नेताना अडू शकते. म्हणून नाव अक्षरांत 'सातबारा' ठेवा. मराठीचा आणखी एक बारकावा आहे. 'वऱ्हाड', 'दुसऱ्या' यांतला ऱ जुन्या मॅकच्या पद्धतीत र आणि खालचा नुक्ता असा फोडून साठवला जातो. तिथून झिप करून आलेल्या फाइलचे नाव डोळ्यांना सारखेच दिसते, पण विंडोजवर शोधायला गेलात तर कधी कधी सापडत नाही. उर्दू नावांतल्या मद्द असलेल्या अलिफचेही तसेच. फाइल हरवली असे समजण्याआधी फोल्डर उघडून डोळ्यांनी पाहा.

काढताना

कॉपी पूर्ण झाल्याची पट्टी संपली तरी सगळे डिस्कवर उतरलेले असतेच असे नाही. थोडे संगणकाच्या स्मृतीत रांगेत असते. म्हणून 'इजेक्ट' किंवा 'सेफली रिमूव्ह' करूनच वायर काढावी. विंडोज आता डीफॉल्टने जपून चालतो, तरी सवय सोडू नये. लिनक्सवर तर मुळीच नाही.

ज्यांच्या एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शटडाउन' केल्यावर विंडोज पुरता बंद होत नाही, अर्धवट झोपतो. मग लिनक्स विंडोजच्या खोलीत फक्त वाचू देतो. लिनक्स खराब झाला असे समजू नका. विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करा, किंवा 'शटडाउन'ऐवजी 'रिस्टार्ट' करून लिनक्समध्ये या.

चूक झालीच तर

त्या संध्याकाळी मी आपाकडे गेलो. अम्मी तसबीह घेऊन गप्प बसल्या होत्या. भाची दाराआड होती. तिला जवळ बोलावून म्हणालो, "बेटा, झटपट फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं राहतात. त्या पानांवर नवं काही लिहिलं गेलं तरच ती जातात."

म्हणून पहिला नियम, डिस्कवर नवे काही टाकायचे नाही. दुसरा, मूळ डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नाहीत. लॅमिंग्टन रोडवरून मी दोन टीबीची कोरी डिस्क आणली, अब्बांच्या डिस्कची सेक्टर न सेक्टर प्रत त्यावर उतरवली आणि मूळ डिस्क पुन्हा कपाटात ठेवली. प्रत उतरायला रात्र गेली. मग कतारहून भाच्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन त्या प्रतीवर 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' हे दोन मोफत प्रोग्रॅम चालवले. पहिला हरवलेल्या खोल्या शोधतो. दुसरा अनुक्रमणिकेकडे न पाहता, पानांवरच्या खुणांवरून एकेक फाइल उचलतो.

खोली काही परत उभी राहिली नाही. फोटोरेकने मात्र फोटो, पीडीएफ, आवाज असे पुष्कळ काही बाहेर काढले. अल्हम्दुलिल्लाह. पण एकाचेही नाव उरले नव्हते. प्रत्येक फाइल एफ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा अशी. तो आकडा म्हणजे ती फाइल कुठल्या सेक्टरपासून सुरू होते त्याचा नंबर. भाच्याने 'चाचाचा निकाह', 'गावचे घर' असे लावलेले फोल्डर गेले ते गेलेच.

एक इशारा इथेच देतो. आमची डिस्क जुन्या, फिरत्या तबकडीची होती. एसएसडी असेल तर फॉरमॅटनंतर ती आपणहून जुनी जागा साफ करून टाकू शकते, तिथे आशा फार कमी. आणि डिस्कमधून खडखड आवाज येत असेल तर घरी काहीही करू नका, जाणकाराकडेच न्या.

तिसऱ्या दिवशी दस्ताचा स्कॅन सापडला. वारस नोंदीचे काम पुढे सरकले. नऊ रेकॉर्डिंगपैकी आठ पूर्ण मिळाली. नववे उघडतच नाही. भाचा म्हणतो, त्यात अब्बा त्यांच्या आईच्या माहेराविषयी बोलले होते.

एक प्रत दुसऱ्या गावी

पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने रुजवलेला एक साधा हिशेब आहे, तीन-दोन-एक. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरे ठिकाण कशासाठी, हे आपल्याला सांगावे लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या कितीतरी तळमजल्यांवरची कपाटे भिजली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. मुंबईतली प्रत एकदा गेली असती, गावची एकदा. दोन्ही एकाच दिवशी गेल्या नसत्या.

आता अब्बांच्या आवाजाची एक प्रत आपाकडे आहे, एक माझ्याकडे आणि एक गावी चुलत भावाकडे. ये-जा करणारी डिस्क एक्सफॅट, लेबल 'अब्बा'. वर कागदी पट्टी चिकटवली आहे. त्यावर नाव, कुठल्या पद्धतीची, कोणी आणि कधी तयार केली, आणि खाली भाचीच्या अक्षरात ठळक ओळ, 'फॉरमॅट विचारले तर नाही म्हणा, घरी फोन करा.'

या महिन्यात तुम्हीही एवढे करा. घरातली प्रत्येक डिस्क आणि पेनड्राइव्ह काढा, आपल्याच संगणकावर लावून पाहा, लेबल द्या, पट्टी चिकटवा. ज्याने ती तयार केली तो परगावी जाण्याआधी त्याला विचारून घ्या.

आमच्याकडे फोटोंना नावे देण्याचे काम अजून चालू आहे. रविवारी दुपारी भाची लॅपटॉप घेऊन अम्मींजवळ बसते, एकेक फोटो दाखवते आणि अम्मी सांगतात तसे नाव लिहिते. आजीच्या माहेरचे कोणी दिसले की अम्मी जरा थांबतात आणि आठवेल तेवढे सांगतात. भाची तेवढा वेळ मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवते.